‘बक्षीस तुम्हाला, मग मला काय?’ : माहितीपटातल्या माणसांना पैसे द्यावेत का

प्रश्न असा आहे. पहिलाच माहितीपट, तासाभराचा. सहा जणांच्या मुलाखती, त्यात एक बाई मध्यवर्ती. त्यांच्या आयुष्यावरच फिल्म उभी आहे. दोन भेटी झाल्या, त्यांनी होकार दिला. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “फिल्म तुमची, नाव तुमचं, बक्षीस तुम्हाला. आयुष्य माझं, मग मला काय?” एका जुन्या पत्रकाराचा सल्ला असा की एक पैसाही द्यायचा नाही, दिला की मुलाखत बाद. तर पैसे द्यावेत का, किती, कसे, आणि त्यांच्याकडच्या जुन्या फोटोंचं काय करायचं?

द्यावेत. वेळेचे द्यावेत, गोष्टीचे नाही. हे ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो, पण पैसे कधी ठरले, कुणी दिले, कागदावर काय लिहिलं आणि त्या बाई मधेच गप्प झाल्या तर काय होणार, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

पत्रकाराचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सची आचारसंहिता बातमी मिळवण्यासाठी पैसे देऊ नका असं सरळ सांगते, आणि त्यामागे कारण आहे. पैसा गोष्टीवर टांगला की सांगणारा गोष्ट विकत घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून सांगायला लागतो. धडधडीत खोटं सहसा कुणी बोलत नाही. कडा तेवढ्या धारदार होतात. पहिल्या भेटीत ‘कधीकधी हात उगारायचा’ असं आलेलं वाक्य कॅमेऱ्यासमोर ‘रोज मारायचा’ होतं. दिग्दर्शक त्या क्षणी पुढे सरकून बसतो आणि सांगणाऱ्याला बरोबर कळतं की मालाला उठाव आहे. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्या व्यक्तीलाही मूळ आठवण आणि घासून काढलेली आठवण वेगळी करता येत नाही. उद्या समोरच्या पक्षाने एवढंच विचारलं की ‘हिला किती दिले?’, तरी खरं बोललेलंही संशयात जातं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण 1977चं. ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या मुलाखतींसाठी सहा लाख डॉलर आणि नफ्यातला वाटा कबूल केला, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. मुलाखती चांगल्याच झाल्या, पण तो करार नमुना म्हणून वापरण्यासारखा नाही. निक्सन यांच्याकडे वकील होते, एजंट होता, नकार देण्याची ताकद होती. तुमच्या बाईंकडे यातलं काही नाही. शिवाय तिथे माजी राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या कारभाराचा जाब द्यायला बसले होते. ज्याच्याकडून जाब घ्यायचा त्यालाच पैसे देणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याकडे पुढे येतो.

बातमीचा नियम माहितीपटाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण दोन्हीकडे मागितला जाणारा वेळ सारखा नाही. बातमीदार पायरीवर उभं राहून दहा मिनिटांचा बाइट घेतो आणि जातो. मध्यवर्ती व्यक्तीकडून तुम्ही काय मागता ते एकदा कागदावर मांडा. सुरुवातीच्या दोन भेटी, दोन-दोन तास: चार तास. मुलाखतीचे दोन दिवस, लाइट लावणं, पंखा बंद करून घामाघूम बसणं, लेपल माइक दोनदा बदलणं धरून रोज सहा तास: बारा. रोजच्या व्यवहाराची दृश्यं, तीन दिवस, सात-सात तास: एकवीस. फोटो आणि पत्रं माळ्यावरून काढणं, कुणाचं काय ते ओळखून देणं: चार. ‘ते साल नेमकं कोणतं?’ असे तपासणीचे फोन: तीन. रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जुळणी, बघून त्यावर बोलणं: चार. एकूण 48 तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण सहा दिवस. एवढ्या काळात त्या घरात आलेल्या प्रत्येकाला दिवसाचे पैसे मिळतात. कॅमेरामनला, साउंड रेकॉर्डिस्टला, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला, एक्स्टेन्शन बोर्ड धरून बसणाऱ्या मुलालाही. फुकट बसलेली एकच व्यक्ती, आणि फिल्म तिच्यावर आहे. बाईंचा प्रश्न लोभातून आलेला नाही, त्यांनी हिशोब केलाय.

आता पैसा म्हणजे नेमका कुठला पैसा ते वेगळं करून घ्या. पाच प्रकार एकाच पाकिटात कोंबले जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. एक, खर्चाची भरपाई: प्रवास, जेवण, लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळायला कुणी ठेवावं लागलं तर ते. याला कुणाचाच विरोध नसतो. दोन, वेळेचं मानधन. तीन, साहित्याचा परवाना: जुने फोटो, पत्रं, घरगुती व्हिडिओ. चार, ज्याला परदेशी करारांत ‘लाइफ राइट्स’ म्हणतात ते, म्हणजे आयुष्याच्या कथेचे हक्क. पाच, उत्पन्नातला वाटा. पहिल्या तीनवर निःशंकपणे खर्च करा. चौथ्याला हात लावू नका. पाचवा फार जपून.

किती द्यायचे? सोपा आणि समोरच्याला समजावून सांगता येईल असा पाया म्हणजे तुमच्या क्रूमधल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाचा दिवसाचा दर. त्याला एक एकक म्हणा. त्या व्यक्तीची बुडणारी रोजची कमाई याहून जास्त असेल तर ती रक्कम धरा. दोन्ही मात्र देऊ नका, कारण मानधनातच बुडालेला रोज आला. अर्ध्या दिवसापेक्षा कमी हिशोब नाही: तासाभराची मुलाखत असली तरी माणसाचा अर्धा दिवस जातोच. मध्यवर्ती व्यक्तीचे शूटचे पाच दिवस म्हणजे पाच एककं, बाकीचे पंधरा तास म्हणजे ढोबळ दोन. सात झाली. उरलेल्या पाच जणांचं एकेक, म्हणजे पाच. प्रवास आणि सांभाळणुकीचे तीन. फोटोंच्या परवान्याचे दोन. समुपदेशन आणि अडीनडीसाठी तीन. बेरीज वीस. पूर्ण फिल्मचं बजेट अशा 500 एककांचं असेल तर हे चार टक्के होतात. ‘बजेटमध्ये बसत नाही’ असं म्हणणाऱ्याने ड्रोनचं भाडं किती लावलंय ते आधी बघावं.

दर सगळ्यांना सारखा ठेवा. ज्याची कहाणी जास्त करुण त्याला जास्त, हा भाव लावण्याचाच प्रकार झाला. मध्यवर्ती व्यक्तीला जास्त मिळतात ते दिवस जास्त म्हणून, आणि हे कारण इतरांनाही तोंडावर सांगता येतं. लहान वस्तीत, एका कुटुंबात, एका संघटनेत कुणाला किती मिळाले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. दर एकच असला तर कळून काही बिघडत नाही.

यानंतर क्रम. पैशाचा विषय पहिल्या भेटीत काढायचा नाही आणि शेवटच्या दिवसापर्यंत लांबवायचाही नाही. आधी फिल्म काय आहे, कुठे दाखवली जाईल, ओळखीचे आणि न आवडणारे लोकही ती बघतील, हे सांगून तत्त्वतः होकार घ्या. होकार आल्यावर, पण कॅमेरा पिशवीतून बाहेर पडण्याआधी, दर सांगा. पैसे आधी सांगितले तर गरजू माणूस फिल्मला नव्हे, पैशाला हो म्हणतो. तो होकार पहिल्या कठीण प्रश्नाला कोसळतो. शूट संपल्यावर सांगितले तर ती बक्षिसी वाटते, आणि रडू आलेल्या दिवशी पाकीट मिळालं की माणूस त्यातून नको तो अर्थ काढतो. तुमच्या बाबतीत होकार आधीच आलाय आणि विषय त्यांनीच काढलाय. म्हणजे वेळ अगदी योग्य आहे.

प्रश्न विचारणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत. प्रॉडक्शन मॅनेजर नसेल तर सहायकाने द्यावेत, खोलीच्या बाहेर, दिवस संपल्यावर, काय बोललं गेलं हे न विचारता. दिवस म्हणजे दिवस: बाई वीस मिनिटांत उठून गेल्या तरी पूर्ण. हा मुद्दा निर्माते हमखास गाळतात, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बोलणं थांबवलं तर पैसे कापले जाणार असतील, तर तुम्ही वेळ विकत घेतलेली नाही, बोलणं विकत घेतलंय.

व्हाउचरवरचे शब्दही त्याच हिशोबाने. ‘मुलाखतीबद्दल मानधन’ असं लिहू नका. असं लिहा: ‘अमुक तारखेच्या चित्रीकरणासाठी दिलेल्या एक दिवसाच्या वेळेबद्दल मानधन. ही रक्कम मुलाखतीतील मजकुरावर, मुलाखत पूर्ण होण्यावर किंवा चित्रपटात वापरली जाण्यावर अवलंबून नाही.’ दोन प्रती, एक त्यांच्याकडे. वाचता येत नसेल तर त्यांच्या विश्वासातल्या, तुमच्या नव्हे, माणसाने वाचून दाखवायची. उद्या वाद झाला, किंवा ब्रॉडकास्टरच्या वकिलाने ‘कशाचे पैसे दिलेत?’ असं विचारलं, तर ही दोन वाक्यं पुढे करता येतात.

संमतीपत्र हा वेगळा कागद. तो आणि व्हाउचर एकाच बैठकीत एकाच पेनाने सह्या घेऊन उरकू नका. गंमत अशी की ‘आम्ही पैसे देत नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्या कित्येक कंपन्यांच्या छापील संमतीपत्रात मोबदल्याची एक नाममात्र रक्कम लिहिलेली असते. इंग्रजी वळणाच्या कायद्यात करार टिकायला दोन्ही बाजूंनी काही देणं-घेणं लागतं, म्हणून वकिलांनी ती घातलेली असते. म्हणजे मोबदला कागदावर आहे, फक्त लाजिरवाण्या आकड्यात. त्यापेक्षा खरं मानधन द्यावं.

संमतीपत्र आदल्या भेटीत वाचायला द्या, पहिल्या शूटच्या दिवसाअखेरी सही घ्या, प्रत त्यांच्याकडे ठेवा. माघार कधीपर्यंत घेता येईल तेही त्यात लिहा. माझ्या मते एडिट लॉक होईपर्यंत, म्हणजे संकलन पक्कं होईपर्यंत, ती मुभा असावी, निदान मध्यवर्ती व्यक्तीला तरी, आणि माघार घेतली तरी दिलेले पैसे परत मागायचे नाहीत. निर्मात्यांना याने धडकी भरते. पण पैसे परत करण्याची अट असेल तर खर्च करून बसलेला माणूस माघार घेऊच शकत नाही. ती संमती राहत नाही, ते कर्ज होतं. रफ कट दाखवताना दिग्दर्शकाचा अंतिम निर्णय राखून ठेवायचाच. तथ्यं चुकली असतील तर दुरुस्त होतील, कुणाच्या जिवाला धोका असेल तर ते काढलं जाईल, बाकी सूचना ऐकल्या जातील. एवढं स्पष्ट लिहिलं की पैसे घेतलेल्या माणसाला आपण सहनिर्माते आहोत असं वाटत नाही, आणि तुम्हालाही आपण त्याला विकत घेतलंय असं वाटत नाही.

आता ते ‘लाइफ राइट्स’. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत एक लांबलचक कलम असतं: सर्व माध्यमं, संपूर्ण विश्व, अनंत काळ, नाट्यरूपांतराचे हक्क, पुनर्निर्मितीचे हक्क. घडलेल्या घटनांवर तशी कुणाची मालकी नसते. कथापटाचे निर्माते असा करार करतात तो सहकार्यासाठी, आणि बदनामी किंवा खासगीपणाच्या मुद्द्यावर पुढे दावा होऊ नये म्हणून. माहितीपटाला यातलं काही लागत नाही. मुलाखत आणि दृश्यं या फिल्मसाठी आणि तिच्या जाहिरातीसाठी वापरायची परवानगी मिळाली की पुरे. एरॉल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’मुळे (1988) न केलेल्या खुनासाठी तुरुंगात असलेल्या रँडल डेल अॅडम्स यांच्या निर्दोषत्वाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि 1989मध्ये ते सुटले. सुटल्यावर त्यांनी मॉरिस यांच्यावर दावा लावला, तो स्वतःच्या आयुष्याच्या कथेच्या हक्कांवरून. न्यायालयाबाहेर तडजोड होऊन हक्क अॅडम्स यांच्याकडे परत गेले. ज्या फिल्मने माणसाला तुरुंगाबाहेर काढलं, तिच्याच कागदाने त्याला दिग्दर्शकाविरुद्ध उभं केलं. तुमच्या नमुन्यात ते कलम असेल तर बाईंच्या समोर पेनाने खोडा आणि बाजूला दोघांनी सही करा. उद्या कुणाला त्यांच्यावर कथापट काढायचा असेल तर तो त्यांच्याशी बोलेल.

दुसरी बाजूही माहीत हवी. निकोला फिलिबेर यांचा ‘एत्र ए आव्वार’ हा 2002चा फ्रेंच माहितीपट एका छोट्या खेडेगावातल्या शाळेवर होता. तो फ्रान्समध्ये कुणाच्या ध्यानीमनी नव्हता इतका चालला. मग त्यातले शिक्षक जॉर्ज लोपेझ यांनी अडीच लाख युरो मागत दावा केला. शिकवणं हे आपलं सर्जन आहे, आपण सहलेखक आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. 2004मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ते फेटाळलं. कायदा दिग्दर्शकाच्या बाजूने राहिला. पण फिल्म अनपेक्षित चालली तर काय, हे आधी बोललेलं नसलं की यशच भांडण घेऊन येतं, हे त्यातून घ्यायचं.

म्हणून वाटा द्यायचाच असेल तर ‘निव्वळ नफ्यातले दहा टक्के’ असं कधीही म्हणू नका. अशा फिल्मला निव्वळ नफा होत नाही. समजा प्रसारणाचे हक्क 100ला विकले. सेल्स एजंटने 30 घेतले, त्याचा खर्च म्हणून आणखी 10. उरले 60. मास्टर (प्रसारणाची अंतिम प्रत) बनवणं, सबटायटल, चुकांमुळे होणाऱ्या दाव्यांचा विमा, यात 25 गेले. राहिलेले 35 गुंतवणूकदाराच्या परतफेडीत. शून्याचे दहा टक्के शून्य. तुम्ही फसवलेलं नसतं, तरी बाईंना आयुष्यभर वाटत राहतं की फसवलं, कारण त्यांनी फिल्मचं पोस्टर बघितलेलं असतं. त्याऐवजी प्रसंग आणि रक्कम ठरवा: फिल्म एखाद्या वाहिनीला किंवा प्लॅटफॉर्मला विकली गेली तर इतकी ठरावीक रक्कम, पैसे हातात आल्यापासून 30 दिवसांत. रोख बक्षीस मिळालं तर त्यातला ठरलेला हिस्सा. किंवा एजंट वजा जाता आपल्या खात्यात येणाऱ्या प्रत्येक रकमेचे पाच टक्के, दुसरी कुठलीही वजावट न करता. यात तोटा एकच, आकडा लहान दिसतो. पण तो खरा असतो.

‘हूप ड्रीम्स’ (1994) या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांवरच्या अमेरिकी माहितीपटाच्या निर्मात्यांनी फिल्म चालल्यावर त्यातल्या कुटुंबांना कमाईत वाटा दिला, शूट सुरू असताना पगार दिला नाही. तिथे एक व्यावहारिक अडचणही होती. मुलं बास्केटबॉल खेळाडू, आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाच्या तेव्हाच्या नियमांत खेळाडूने पैसे घेतले तर त्याची पात्रता धोक्यात यायची. पैसे देऊन तुम्ही माणसाचं नुकसानही करू शकता, आणि चांगल्या मनाचे निर्माते नेमके इथेच घसरतात.

तेव्हा देण्याआधी चौकशी करा. त्यांना उत्पन्नाच्या मर्यादेवर मिळणारी काही सरकारी मदत आहे का? खात्यात अचानक रक्कम दिसली तर ती बंद होईल का? त्या निर्वासित असतील, किंवा काम करायची परवानगी नसलेल्या व्हिसावर असतील, तर मानधन म्हणजे बेकायदा काम ठरेल का? कर कापावा लागेल का? लागत असेल तर हातात किती पडेल तेवढाच आकडा सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी शब्द फिरवल्यासारखं होतं. आणि पैसे नक्की कुणाच्या हातात जातील? घरात जाच असलेल्या बाईला सगळ्यांदेखत पाकीट दिलं तर तिला पैसेही मिळत नाहीत आणि रात्री त्रास होतो तो वेगळाच. कधी स्वतःच्या खात्यात, कधी मुलीच्या शाळेची फी परस्पर भरून, कधी चार हप्त्यांत. पद्धत त्यांनी ठरवावी, कागदावर मात्र खरं तेच लिहायचं.

मध्यस्थाचा एक नेहमीचा घोळ. तुम्हाला त्या घरापर्यंत नेणाऱ्या माणसाला त्याचे पैसे वेगळे, त्याच्या नावाने, त्याच्या व्हाउचरवर द्या. मुलाखत देणाऱ्यांचे पैसे त्याच्या हातात देऊ नका. दिलेत तर दोनांपैकी एक होतं. निम्मे पोचतात, किंवा तो पुढच्या वेळी चांगलं रडणारी माणसं शोधून आणतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो एडिट टेबलवर बसेपर्यंत कळत नाही. तीन वेगळ्या माणसांनी एकच उपमा वापरली की समजायचं, कुणीतरी तालीम घेतलीय.

पैसे देण्याच्या बाजूने एवढं लिहूनही काही जणांना अजिबात देऊ नका. पदावरचे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी आपल्या कामाबद्दल बोलत असतील तर नाही, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. कंपनीचे प्रवक्ते, नाही. ज्याच्यावर आरोप आहे, किंवा ज्याने गुन्हा केलाय आणि त्याच गुन्ह्याबद्दल तो बोलणार आहे, त्याला नाही. न्यूयॉर्कने 1977मध्ये गुन्हेगाराला आपल्या गुन्ह्याची कथा विकून कमाई करता येऊ नये म्हणून कायदा केला, तो ‘सन ऑफ सॅम’ कायदा म्हणून ओळखला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला, म्हणजे सरसकट बंदी तिथे टिकली नाही. पण पीडिताच्या घरच्यांनी फिल्म बघताना ‘याला यांनी पैसे दिले’ हे त्यांना माहीत असणं, हा विचार कायद्याआधी करायचा. आणि खटला सुरू असेल तर साक्षीदाराला मानधन नाही म्हणजे नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या नियमांत हे स्पष्ट आहे: फौजदारी खटला चालू असताना साक्षीदाराला पैसे द्यायचे नाहीत, कबूलही करायचे नाहीत. झालेला खर्च आणि बुडालेली कमाई मात्र भरून देता येते. वेळ आणि गोष्ट यांतला फरक नियम लिहिणाऱ्यांनाही मान्य आहे, तो असा. तुमच्या सहापैकी कुणाचं प्रकरण न्यायालयात आहे का, ते आजच विचारून घ्या. असेल तर त्या व्यक्तीसाठी बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त पावतीवरचा खर्च.

शूट सुरू असताना काहीतरी घडतंच. वीज तोडली जाते, औषध संपतं, घरमालक दारात येतो. कॅमेरा चालू ठेवून बघत राहायचं की मदत करायची? मदत करायची. पण दोन गोष्टी पाळा. मदत मानधनाच्या हिशोबात धरू नका, आणि ती तारखेसह नोंदवा. तुमच्या पैशाने दिवे परत लागले असतील, तर दिवे परत लागल्याचं दृश्य ‘त्यांनी मार्ग काढला’ अशा सुरात वापरू नका. एक तर वाक्यात सांगा की पैसे आम्ही भरले, नाहीतर दृश्य गाळा. प्रेक्षक मदत केली म्हणून रागावत नाही, लपवलं तर रागावतो.

समुपदेशनासाठी ठेवलेल्या पैशाबद्दलही एक. जुनी जखम उघडणारी मुलाखत संपते तेव्हा क्रूची सामानाची आवराआवर चालते आणि ती व्यक्ती एकटी बसलेली असते. खरा त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. त्यासाठी चार बैठकींचे पैसे आधीच बाजूला ठेवा, नाव-नंबर आधीच द्या आणि फिल्म पहिल्यांदा दाखवली जाईल त्या आठवड्यात एक बैठक राखून ठेवा. त्या गेल्या नाहीत तरी चालेल. ‘गरज पडली तर सांगा’ एवढ्यावर सोडलं तर कुणी सांगत नाही.

पैसे खरोखरच नसतील तर तसं सांगा आणि मागणं कमी करा. पाच दिवसांचे दोन करा, त्यांच्या वेळेला जा, खर्च भरा, त्यांच्या मुलाखतीचं पूर्ण फुटेज आणि चांगले छापलेले फोटो द्या. ‘तुमचं नाव होईल’ एवढं मात्र म्हणू नका.

ब्रॉडकास्टरला किंवा निधी देणाऱ्या संस्थेला मानधनाबद्दल करार करतानाच कळवा, त्यांचा स्वतःचा नियम असू शकतो. शेवटच्या श्रेयनामावलीत एक ओळ टाका: ‘या चित्रपटात सहभागी झालेल्या व्यक्तींना चित्रीकरणाच्या वेळेबद्दल समान दराने मानधन देण्यात आले आहे.’ पत्रकार मित्राच्या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

बाईंना काय म्हणायचं? साधारण असं: “तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या गोष्टीची किंमत आम्ही करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तुमचे सात दिवस आम्ही घेतोय. त्याचे इतके, रोजचे रोज. एखाद्या दिवशी बोलावंसं वाटलं नाही तरी त्या दिवसाचे तेवढेच. फिल्म विकली गेली तर वेगळे इतके. बक्षीस मिळालं तर त्यातले इतके.” मग गप्प बसा आणि त्यांना घरात विचारायला दोन दिवस द्या. त्यांनी जास्त मागितले तर दर वाढवायचा नाही, कारण तो बाकीच्या पाच जणांनाही वाढवावा लागेल. दिवस कमी करता येतील.

राहिला फोटोंचा प्रश्न. फोटो ज्याच्या पेटीत आहे तो त्याच्या हक्काचा असतोच असं नाही. घरच्यांनी काढलेल्या फोटोंचा परवाना त्यांच्याकडून लेखी घ्या, प्रत्येक फोटोला क्रमांक देऊन, मागे पेन्सिलीने. शाई उमटते. स्टुडिओत काढलेल्या किंवा वर्तमानपत्रातून कापलेल्या फोटोंचा हक्क बहुधा दुसऱ्याचा असतो, त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं, आणि त्या फोटोचे पैसे बाईंना देऊन काम भागत नाही. परवान्याची रक्कम मानधनात मिसळू नका. मूळ फोटो घरातून बाहेर नेऊ नका, स्कॅनर त्यांच्या घरी न्या. 600 डीपीआयला एक फोटो स्कॅन व्हायला साधारण मिनिटभर लागतो, चाळीस फोटो पुसून, लावून, परत जागेवर ठेवेपर्यंत दोन तास सहज जातात. ते दोन तास बाई शेजारी बसून कोण कुठला ते सांगत असतील तर त्यांच्याही वेळेत धरा.